उपरण्याखालची शाळा

मथुबाईंचा पहिलीचा वर्ग आणि माझा दुसरीचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. मी बुऱ्हाणपूरच्या त्या शाळेत नवीन लागले तेव्हा पहिले काही महिने मी माझ्या पोरांना काय शिकवलं ते मला अजिबात आठवत नाही. मथुबाईंनी त्यांच्या पोरांना काय शिकवलं ते मात्र सगळं आठवतं. माझ्या पोरांनाही तेच आठवत असणार, कारण ती कान तट्ट्याला लावूनच बसायची.

बाई ठेंगण्या, गोल, सदा घाईत. आवाज असा की शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपायाला आपण उगाच पगार घेतो असं वाटावं. मावा जिलेबीवर त्यांचा फार जीव. मधल्या सुट्टीसाठी म्हणून सकाळी पुडी आणायच्या, ती टेबलाच्या खणात ठेवायच्या, आणि प्रार्थना संपायच्या आत खण उघडल्याचा आवाज मला ऐकू यायचा. "जरा बघते, मुंग्या लागल्या का," असं त्या पोरांना सांगायच्या. मुंग्या कधीच लागल्या नाहीत, लागायला काही उरायचंच नाही. त्यांचे यजमान नाक्यावर कारकून होते. फार कमी बोलायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला म्हणाले, "बसा," आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई बोलू लागल्या. मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "या पुन्हा."

तर अशा बाई, आणि त्यांना वेड होतं ते पोरांना थांबायला शिकवायचं. आता तुम्ही हसाल. मीही हसत असे.

बाईंची एक खोड होती. खडू हातात नको असला की त्या तो अंबाड्यात खोचायच्या आणि मग वर्गभर खडू शोधत फिरायच्या. टेबलाखाली वाकून बघायच्या, फळ्यामागे बघायच्या, शिपायाला हाक मारायच्या. सगळ्या पोरांना खडू दिसत असायचा. नुसता दिसत नसायचा, बाई वाकल्या की तो पोरांच्या डोळ्यांसमोर हलायचा. "सांगायचं नाही हं कुणी," बाई दम द्यायच्या, "मला शोधू द्या." मग पोरं तोंडावर दोन्ही हात दाबून, लालबुंद होऊन बसायची. त्या खरंच विसरायच्या की सोंग करायच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा पगाराच्या दिवशी खडू अंबाड्यात तसाच घेऊन त्या घरी गेल्या, तेव्हा मला सोंगाबद्दल शंका आली.

या खेळात रोज हरणारी एक पोरगी होती. भागी तिचं नाव. दापोऱ्याच्या सुकदेव पाटलाची मुलगी. शाळेसाठी बुऱ्हाणपुरात आत्याकडे राहायची. बाईंनी खडू अंबाड्यात घातला रे घातला की तट्ट्यापलीकडून आवाज यायचा, "बाई, अंबाड्यात हाय!"

"अगं, सांगायचं नव्हतं ना!"

"पण अंबाड्यातच हाय ना!"

लपाछपीत भागीला कुणी घेत नसे. ती स्वतः लपली की "मी अठी हाय" असं सांगायची, आणि दुसरा लपलेला तिला दिसला तर राज्य असणाऱ्याला बोटानं दाखवायची. पोरं तिला चुगलखोर म्हणायची. तिला त्यातलं चुगलीचं काही कळायचंच नाही, ती बिचारी मदत करत होती. माझ्या मते ती जरा कमी डोक्याची होती, आणि मी तसं बाईंना म्हटलंही. बाई नुसत्या हसल्या.

तो काळ जोडाजोडीचा होता. नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बुऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं, तापीही तिथूनच वाहत राहिली, पण शाळेत आता मराठी पहिली आणि हिंदी पहिली एक करायची बोलणी सुरू झाली. त्या तयारीला आमच्याकडे तिवारीजी नावाचे नवे हेडमास्तर आले. उंच, शांत, उन्हाळ्यातही काळी छत्री घेऊन हिंडणारे. ते आल्यावर दोन्ही वर्गांना शेवटच्या तासाला मैदानात एकत्र सोडायचं ठरलं. हिंदी वर्गाच्या बाईंना पोरं कशी सांभाळायची याची काळजी पडली. मथुबाईंना काळजी वगैरे काही नाही, त्यांना खेळ सुचला.

"'बसा' म्हटलं की बसायचं," त्यांनी जाहीर केलं, "आणि 'बैठो' म्हटलं की उभं राहायचं. उलटं करील तो बाद. समझे क्या?"

पोरं समजली आणि धडाधड बाद झाली. मराठी पोरं, हिंदी पोरं, सगळी एकजात. दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम उलटा केला, 'बैठो'ला बसायचं आणि 'बसा'ला उठायचं. कालचा नियम पक्का झालेले सगळे हुशार आज पहिल्या झटक्यात बाद. तिवारीजी व्हरांड्यातून बघत होते. बाईंनी त्यांना ओढून मैदानात आणलं. त्यांनी छत्री मिटून बाजूला ठेवली, नियम नीट ऐकून घेतला, आणि बाईंनी "बसा!" म्हणताच हेडमास्तर सगळ्यांच्या आधी मातीत मांडी घालून बसले. आजूबाजूला सगळी पोरं उभी.

"मथुराबाई," ते धोतर झटकत म्हणाले, "मैंने यहाँ आकर बड़ी मुश्किल से तो मराठी का एक शब्द सीखा था."

भागी या खेळात रोज पहिली बाद व्हायची आणि दुसरा कोण बाद होणार तेही ओरडून सांगायची.

एके दिवशी तिवारीजींची छत्री आमच्या व्हरांड्यातल्या खुंटीवर राहिली. बाईंनी ती उचलून वर्गातल्या कपाटात टाकली. पोरांना विचारलं, "गुरुजी येतील तेव्हा छत्री कुठं बघतील?" बरीच पोरं विचार करून म्हणाली, खुंटीवर. काही म्हणाली, कपाटात. त्यात भागीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"कपाटात कशी गं बघतील? त्यांना कुठं ठाऊक आहे?"

"कपाटातच हाय ना पण!"

मग तिवारीजी खरोखरच आले, आणि ते खुंटीकडे मान वळवतात न वळवतात तोच भागीनं धावत जाऊन छत्री त्यांच्या हातात दिली. ते खूश. "कितनी समझदार बच्ची है," म्हणाले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई माझ्या टेबलाच्या कडेला टेकल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "तू म्हणतेस तिला डोकं कमी. तसं नाहीये. तिला जे ठाऊक असतं ना, ते इतकं जोरात ठाऊक असतं की त्याच्यापुढे दुसऱ्याचं डोकं तिला दिसतच नाही. आपलं ठाऊक असलेलं जरा बाजूला सारता आलं पाहिजे. ती जीभ खाली बसली की बघ, दुसऱ्याच्या मनातलं तिला दिसायला लागेल."

"आणि उलटं असेल तर?" मी म्हटलं. "दुसऱ्याच्या मनातलं दिसायला लागल्यावरच जीभ खाली बसत असेल तर?"

बाईंनी विचार केला. "असेलही," त्या म्हणाल्या. "तू दुसऱ्या बाजूनं ढकल, मी या बाजूनं ओढते."

पुढे बऱ्याच वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरात एका विदुषींनी आम्हाला सांगितलं, की मुलाला स्वतःला आवरता येणं, नियम बदलला की मनातल्या मनात वळता येणं, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळणं, ही सगळी कामं एकमेकांचा हात धरून वाढतात. कोण कुणाला ओढतं यावर अजून वाद चालतो, म्हणाल्या. मी एकटीच हसू दाबत बसले होते. मथुबाई तिथं असत्या तर त्या विदुषींना त्यांनी जिलेबी दिली असती, म्हणजे उरली असती तर.

त्यानंतर भागीवर संकट आलं, आणि तेही तिच्या जिभेनंच आणलं. आमच्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. भोवतीच्या माणसांना नुसतं हलणारं कापड दिसतं. सुकदेव पाटलानं आपल्या सोन्या बैलाचा सौदा असा मांडला होता, आणि सुट्टीला घरी आलेली भागी बापाच्या गुडघ्याशी मातीत बसली होती. कापडाखालची बोटं वरून कुणाला दिसत नसली तरी खालून तिला अगदी स्वच्छ दिसत होती, आणि बापाकडे बघून बघून बोटांची ती भाषा तिला पाठही झाली होती. हेड्यानं बोटं दाबली. पाटलानं फार दुःखी चेहरा करून मान हलवली. तेवढ्यात भागी म्हणाली, "बाबा, हा तं तुमी आईले सांगितलं त्याच्याहून जास्ती देऊन ऱ्हायला. देऊन टाका ना!"

हेड्यानं बोटं तिथल्या तिथं मागं घेतली. बाजार हसला. सोन्या पडेल भावात गेला.

दुसऱ्या दिवशी पाटील भागीच्या आत्याला घेऊन शाळेत आला. संतापलेला नव्हता, पार खचलेला होता, आणि ते जास्त वाईट. "बाई, पोरीले घेऊन जातो. तिले काही समजत नाही. लोक हासतात. केळीच्या बागेत राहील, चार पानं कापील. अठी ठेवून काय करू?"

भागी दारात उभी होती. तिला एवढं कळलं होतं की आपण काहीतरी चांगलं सांगितलं आणि त्यामुळे बाबा असे झाले. ती रडतही नव्हती, नुसती बापाच्या तोंडाकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. पहिलीतून उठलेल्या पोरी पुन्हा शाळेत येत नाहीत, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं.

"पाटील," बाई म्हणाल्या, "त्या सोन्याची जोड आहे ना घरी? मोत्या?"

"हाय. आता एकटा काय कामाचा? तोही काढणार हाय."

"मग काढायच्या दिवशी भागीला सोबत न्या. मी येते. सौदा होईपर्यंत ती सौद्यातलं काही बोलली तर तुमची पोरगी तुम्हाला. नाही बोलली तर माझी."

पाटलाला वाटलं असणार की मास्तरीणही पोरीसारखीच आहे. पण भागीच्या आत्यानं मागून पदर हलवून खूण केली, आणि तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तट्ट्यापलीकडे शांतता पसरली. मथुबाईंच्या वर्गात शांतता म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय असं समजून मी धावत गेले. बघते तर काय, पोरं दोघं-दोघं समोरासमोर बसलेली, हातांवर रुमाल, पंचे, कुणाच्या फ्रॉकचा घेर, आणि त्याखाली बोटं. बाईंनी चिंचोक्यांचा बाजार मांडला होता. विकणाऱ्यानं आपला शेवटचा भाव मनात ठरवायचा, बाईंच्या कानात सांगायचा, आणि मग कुणालाही सांगायचा नाही. घेणाऱ्यानं चेहरा बघून तो ओळखायचा.

भागी पहिल्यांदा चिंचोके विकायला बसली तेव्हा समोरच्याला म्हणाली, "माझ्या मनात किती हाय ते मी नाही सांगणार. तीन हाय." मग बाईंनी तिला नुसतं बघायला बसवलं. कोण ओठ चावतं, कोण चिंचोक्यांकडे बघतच नाही म्हणजे त्याला ते हवेतच. भागी बघू लागली. बोलायला तोंड उघडलं की बाई आपलंच तोंड दाबायच्या, आणि बाईंच्या तोंडाकडे बघून भागी आपलं मिटायची. पोरांचं बाजारात इतकं मन लागलं की पाढे मागे पडले. तिवारीजी एकदा तपासणीला आले, चिंचोके विकत घ्यायला बसले आणि फसून उठले. पाढ्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

मग एक दिवस खडू अंबाड्यात गेला आणि तट्ट्यापलीकडून आवाज आला नाही. मी शिकवायची थांबले. माझी पोरं थांबली. बाई टेबलाखाली वाकल्या, फळ्यामागे गेल्या, बराच वेळ गेला. भागी गप्प. शेवटी बाईंनाच राहवेना. "अगं भागी, दिसत नाही का तुला?" भागी म्हणाली, "दिसतो. पण तुमाले शोधायचा हाय ना."

बाजाराच्या दिवशी बाईंनी मलाही ओढून नेलं. धूळ, शेण, ऊन, आणि बायामाणसं अशी आम्ही दोघीच. लोक वळून बघत होते. बाई सगळ्यांना नमस्कार करत होत्या. पाटलानं मोत्याला उभं केलं होतं आणि समोर नेमका तोच हेडी आला, सोन्याला घेऊन गेलेला. हातांवर उपरणं पडलं. भागी बाजूला, आम्हा दोघींच्या पुढ्यात, मोत्याचा दोर धरून उभी.

हेड्यानं मोत्याकडे धड बघितलंही नाही. एकटा बैल कोण घेतो, वय झालं, चाल मंद, असं तोंडानं बोलत होता. पाटलाचा चेहरा उतरत चालला. त्याला बैल परत नेणं परवडणार नव्हतं, ते कुणालाही दिसावं.

आणि मला थोडं पलीकडे एका बैलगाडीच्या आडोशाला सोन्या दिसला. कपाळावर पांढरा चांद. भागीनं तो वर्गात इतक्यांदा सांगितला होता की मीसुद्धा ओळखला. हेड्यानं त्याला लपवून ठेवला होता. त्याला जोडीच जमवायची होती, मोत्या त्याला हवाच होता. पाटलाची पाठ तिकडे होती. त्याला दिसणं शक्य नव्हतं.

मी भागीकडे पाहिलं. तिला दिसला होता. तिच्या लाडक्या सोन्याकडे बघून तिचा सगळा चेहरा फुलला होता, ओठ उघडले होते. संपलं, मी मनात म्हटलं. भर बाजारात हेड्याची लबाडी ओरडून सांगितली तर तो उपरणं झटकून निघून जाणार, आणि पोरगी केळीच्या बागेत.

भागीनं ओठ मिटले. तिनं हेड्याकडे पाहिलं, मग बापाच्या पाठीकडे, मग पुन्हा गाडीकडे. हे चालू असतानाच माझ्या शेजारी कुणीतरी मोठा श्वास घेतला. मथुबाईंनाही सोन्या दिसला होता. "अहो पाट—" त्या सुरू झाल्या, आणि एकदम "आई गं!" म्हणून थांबल्या. भागीनं त्यांच्या पायावर आपली टाच रोवली होती.

मग ती साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, मोत्याले पाणी पाजून आणू का? तुमी बी चाला ना, तो माह्या एकटीनं नाही आवरत."

हेडी घाईनं म्हणाला, "नंतर पाज, नंतर." पण पाटील तसाही कंटाळला होता. उठला. भागीनं मोत्याला हौदाकडे न नेता गाडीच्या बाजूनं वळवलं. तिथं सोन्या-मोत्यानं एकमेकांना बघून हंबरडा फोडला आणि पाटील थबकला. हेड्याचा डाव त्याच्या ध्यानात आला. मग परत येऊन हेड्यासमोर बसला, उपरणं स्वतः दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हणाला, "हं. आता बोल." त्या सौद्यानंतर पाटलानं आम्हा सगळ्यांना मावा जिलेबी खाऊ घातली. बाईंचा पाय सुजला होता. तो पाय त्यांनी पुढे आठवडाभर येईल-जाईल त्याला दाखवला. "ही माझी भागी," म्हणायच्या, "मलाच गप्प केलं!" भागी शाळेत राहिली.

वर्ष संपायला आलं, आणि मराठी पहिली व हिंदी पहिली खरंच एक झाली. एका वर्गाला दोन बाई कशाला? मथुबाईंची बदली जसोंडीला झाली. हे त्यांनी फक्त तिवारीजींना सांगितलं होतं. मलाही अगदी शेवटच्या दिवशी सकाळी कळलं, आणि मी रडायच्या बेतात आले तर त्यांनी मला दटावलं. "पोरांना कळू द्यायचं नाही. मला रडारड जमत नाही. मी त्यांना मैदानात पुतळे करून उभं करते आणि मागच्या दारानं सटकते. बघशीलच तू."

दुपारी त्यांनी दोन्ही वर्ग मैदानात नेले. "तोंड भिंतीकडे, पुतळा! मी म्हणेपर्यंत हलायचं नाही. जो हलेल तो बाद." सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाई चपला हातात घेऊन, चवड्यांवर, माझ्या खिडकीखालून गेल्या. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असा आनंद की जणू सगळ्या शाळेच्या खणातली जिलेबी त्यांनी एकटीनं लाटली आहे. मागच्या दाराशी टांगा उभा होता, यजमान ट्रंक घेऊन आधीच बसलेले. बाई चढल्या, वळून एकदा त्या न हलणाऱ्या पाठींकडे बघितलं, यजमानांना कोपरानं ढोसून काहीतरी सांगितलं आणि हसत गेल्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. जसोंडीहून त्या पुढे आणखी आत कुठंतरी बदलून गेल्या.

टांगा दिसेनासा झाल्यावर मी मैदानात गेले. एकेक पोर हलू लागलं होतं, चुळबुळत होतं, "बाई कुठं?" म्हणत होतं. भागी मात्र तशीच, भिंतीकडे तोंड, ताठ. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"भागी, बाई जसोंडीला गेल्या गं," मी म्हटलं.

"ठाऊक हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोनी नाही. त्या रोज एकेक वस्तू पिशवीत घालून घरी नेऊन ऱ्हायल्या व्हत्या. काल भिंतीवरचं कॅलिंडर बी नेलं."

"मग बोलली का नाहीस? त्यांना भेटली असतीस, नमस्कार केला असतास."

भागीनं नाक ओढलं. "त्यायले वाटत व्हतं का आमाले ठाऊक नाही," ती म्हणाली. "मंग मी त्यायले तसंच वाटू देलं."